खरं रडणं

मामांना गोष्ट सरळ सांगता येत नाही. गच्चीवर चटई टाकली, उशी पाठीला लावली, खोकून झालं, तेव्हा कुठे सुरुवात.

"माझा साडू त्या रात्री फक्त एक डिस्क आणायला गेला होता. मार्चमधला शेवटचा शुक्रवार, पावणेबारा वाजलेले. सकाळी सिनेमा द्यायचा आणि डिस्क राहिली ऑफिसात. बायकोला म्हणाला, आलोच."

"ते टक्कलवाले?" माझ्या धाकट्या भावाने विचारलं.

"तेच. टकलाचा इथे संबंध नाही. त्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर माणसं बनवतात. अशी, की बघणारा फसलाच पाहिजे. फाटलेल्या ओठांची साल, उन्हात लालसर दिसणारी कानाची पाळी, सगळं. त्या सिनेमातली आई अशी हुबेहूब जमली होती. पण तिचं पोर मरतं, तेव्हाचं रडणं काही जमेना. साडूचं एकच, खोटं वाटतंय."

"मामा, भूत कधी येणार?" मी म्हटलं.

"येईल. तुझ्यासारखी घाई नसते त्यांना. तर रडायला नाटकातली एक बाई आणली. डोक्याला टोपी, टोपीला तोंडासमोर छोटा कॅमेरा. ती रडेल तशी पडद्यावरची आई रडणार. दिवसभर रडली बिचारी. साडूला पटेना. मग त्याने शेजारच्या खोलीत जाऊन, आवाज बदलून, तिला फोन केला. शाळेतून बोलतोय, तुमचा मुलगा गाडीखाली आला... गेला."

मी उठून बसले. "खोटंच?"

"साफ खोटं. बाई जी रडली... हवं ते मिळालं. खरं सांगायला साडू बाहेर येईपर्यंत ती टोपीसकट रस्त्यावर धावली होती. समोरून ट्रक आला. पोर संध्याकाळी दप्तर घेऊन घरी आलं, तर आई नाही."

"आणि ते रडणं त्यांनी सिनेमात ठेवलं?"

"ठेवलं. असं परत मिळायचं नाही, म्हणाले."

"मग मेले का ते टक्कलवाले?" धाकट्याने विचारलं.

"ऐक. साडू ऑफिसात शिरला. कुणी नाही. एकच पडदा चालू. त्यावर ती आई रडत होती. त्याने बटण दाबलं. थांबेना. वायर उपटली. तरी चालूच. मग ती आपोआप गप्प झाली. त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, साहेब... आता तुम्ही."

मामा थांबले. धाकटा मला चिकटला.

"त्याचा फोन वाजला. तुमची मुलगी गेली, म्हणाला कुणी. आवाज त्याचाच होता. तोच, बदललेला. खोटं आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी रडू फुटलं. आवरेना. पडद्यावर ती डोळे पुसून बघत बसली. सावकाश. सगळं."

"मग?"

"पहाटे घरी पोचला. दार मुलीनेच उघडलं. बाबा, काय झालं? याने तिला दिव्याखाली ओढलं. गाल चाचपले. कान बघितले. केस बघितले. म्हणाला, सगळं बरोबर आहे... पण खोटी वाटतेय."

"आणि आता?"

"अजून तसंच. ती समोर ताट ठेवते, आणि हा तिच्याकडे बघून तिच्याच नावाने रडतो."

"बरं झालं," मी म्हटलं. "चांगली अद्दल घडली."

"त्या मुलीचं काय बरं झालं गं?"

मी आणखी चिडले. "हे सगळं त्यांनीच सांगितलं ना? डोकं फिरलेल्या माणसाचं काय ऐकायचं!"

"हो, त्यानेच." मामांनी उशी सारखी केली. "पण सकाळी ऑफिस झाडायला मावशी आल्या. पडद्यावर ओघळ दिसले. त्यांनी फडक्याने पुसले. परत पुसले. जाईनात."

"पाणी उडालं असेल कुठून तरी."

"असेल..."

मामा उशीवर आडवे झाले.

"ओघळ काचेच्या आतून होते."