पंखावरचं धुकं

"पंखातून धूर येतोय... हो, दोन्ही बाजूंनी. भयंकर दिसतंय."

वाडीतल्या पाहुण्यांच्या कॉटेजच्या खिडकीतून फोनवरचे हे शब्द आले तेव्हा मृणाल धुतलेल्या चादरी घेऊन चालली होती. तिने ऐकलं मात्र "पंख्यातून". धुराच्या बाबतीत नीट ऐकून घेण्याइतका धीर तिच्यात नव्हता. चादरी तशाच चिखलात टाकून ती धावली आणि कॉटेजचा मेन स्विच खाली ओढला.

दार उघडून चष्मा लावलेला एक उंच मुलगा बाहेर आला. नवा पाहुणा, ठाण्याचा प्रज्योत.

"लाइट गेली का?"

"मी घालवली. आधी बाहेर या. पंखा पेटलाय ना?"

"पंखा?" त्याने मागे वळून वर बघितलं. "अहो, मी विमानाचे पंख म्हणत होतो. गेममधल्या विमानाचे... मी गेमसाठी चित्रं बनवतो."

कॉम्प्युटर बंद पडून त्याचं सकाळपासूनचं काम गेलं होतं. माफी मागायला हवी होती, पण मृणाल पायरीवरच बसली. दोन वर्षांपूर्वी याच वाडीत मागच्या खोलीतला पंखा असाच धुमसला होता. छप्पर गेलं, आणि आग विझवताना बाबांचा उजवा तळहात भाजला. अजून त्यांची मूठ पुरती वळत नाही. हे सगळं तिने तुटक तुटक सांगितलं. प्रज्योतने पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

तिने मेन स्विच परत वर केल्यावर त्याने तिला कॉम्प्युटरवर ते विमान दाखवलं. लढाऊ विमान, इथल्या किहीमसारखाच समुद्र, आणि पंखांमागे लांबलचक करडा लोट. ती एक पाऊल मागे सरली.

"पेटलंय ते."

"नाही हो, धुकं आहे. हवेत ओल असतेच, आपल्याला दिसत नाही. विमानाने जोरात वळण घेतलं की पंखावरची हवा एकदम गार होते, आणि ती ओल पांढरी होऊन दिसते. क्षणभरच. वळण संपलं की गेली."

"मग हे मागे का रेंगाळतंय?"

"तेच तर दुखणं आहे." तो हसला. "रोज संध्याकाळी बघायला याल? तुम्हाला भीती वाटली की समजायचं, चुकलंय."

"आणि नाही वाटली तर?"

"तर काम झालं. पाठवायचं आणि घरी जायचं."

मग ती रोज चहा घेऊन जाऊ लागली. बघायची आणि म्हणायची, "वाटते." तो मान हलवून पुन्हा कामाला लागायचा. एकदा तिच्या लक्षात आलं, की ती यायच्या आधी तो खोलीतला पंखा बंद करतो आणि घामाने निथळत बसतो.

"उकडत नाही तुम्हाला?"

"उकडतं की."

त्या दिवशी चहा गार झाला.

आणि मग एका संध्याकाळी ते विमान वळलं, पंखावर पांढरं धुकं उसळलं, आणि विमान सरळ होताच विरून गेलं. मागे नुसतं निळं आभाळ. मृणालला जराही भीती वाटली नाही. पुढच्याच क्षणी मात्र तिच्या ध्यानात आलं. हा आता जाणार.

"वाटली?" त्याने विचारलं.

"हो... धूरच वाटतोय."

त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "बरं. परत करतो."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. तो दुरुस्त करत गेला आणि चांगलं झालेलं बिघडत गेलं. शेवटी एकदा तिने त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं. "उद्या सकाळी नक्की देतो, सर. काम दुसऱ्याला देऊ नका. प्लीज."

ती दारातच थिजली. खरं सांगितलं तर हा रागावून जाणार, नाही सांगितलं तर याचं काम जाणार. तरी ती आत गेली.

"त्या दिवशीचं पाठवा. धुकं लगेच विरलं होतं, ते."

"त्याला तर तुम्ही घाबरलात."

"नाही घाबरले. काम संपलं असतं म्हणून मी..."

 तो तिच्याकडे बघत राहिला, मग कॉम्प्युटरकडे वळला.  ओरडला असता तर तिला परवडलं असतं.

सकाळी तो बॅगा घेऊन ओटीवर आला. मांडव्याहून बोट होती. मृणालचे वडील, तुळशीराम, सुपाऱ्या निवडत बसले होते.

"पाठवलं. आवडलं त्यांना," तो तिला म्हणाला.

"चांगलं झालं."

"रागावलो होतो मी. पण खरं सांगू? ते जमलंय, हे मलाही दिसलं होतं. तरी तुम्ही म्हणालात म्हणून परत करत बसलो." तो थांबला. "का, ते विचारा ना..."

विचारायची तिची छाती झाली नाही. त्याने जरा वाट बघितली आणि बॅग उचलली.

"येतो मग."

 इथून जाणारा प्रत्येक पाहुणा "येतो" म्हणूनच जायचा, आणि पुन्हा कोणी फिरकायचं नाही.

"येतो म्हणू नका," ती पुटपुटली.

"मग काय, जातो म्हणू?"

"नको... असं म्हणत नाहीत." तिचा हात त्याच्या तोंडावर जाता जाता राहिला.

"येतो नको, जातो नको." तो तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने बॅग खाली ठेवली आणि वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली. "काका, खोली अजून महिनाभर मिळेल?"

तुळशीरामांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग लेकीकडे.

"खोली हाय की. पन तुजं काम झालं न्हाय का?"

"झालं, काका," तो मान वर न करताच म्हणाला. "म्हणूनच आता राहतोय."