सुटली

"तुमच्या सीपीएफमधला वाटा मला नको. वकीलबाईंना तसं आजच सांगून टाकते," तव्यावर पोळी टाकत नीलिमा म्हणाली, आणि आपला आवाज इतका शांत कसा याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

घटस्फोट ठरला होता. सिंगापुरातला, चोआ चू कांगचा हा फ्लॅट विकायचा हेही ठरलं होतं. राहिली होती ती सीपीएफची, निशिकांतच्या पगारातून दरमहा कापून साठलेली म्हातारपणची शिदोरी. काल रॅफल्स प्लेसला वकीलबाईंनी बजावलं होतं, ही संसारात साठलेली आहे, तुमचाही हक्क आहे, सोडू नका. पण हक्क सांगायचा तर आपण काय केलं तेही सांगावं लागतं... आणि तिचं तर तोंडच बांधलेलं!

"मागणार तरी कोणत्या तोंडाने?" दारात बूट चढवत निशिकांत म्हणाला. "इथे आल्यापासून एक दिवस तरी नोकरी केलीस?"

पोळी करपली तरी नीलिमाचं लक्ष नव्हतं. तिला आंग मो किओची ती भाड्याची खोली आठवत होती... नवा संसार, मोजून तीन ताटल्या, खिडकीतून दिसणारा कारखाना. चौऱ्याण्णव साली त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती! त्या आनंदात हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपरीवरून त्याच्या आवडीचा प्राटा, म्हणजे तिथला पराठा, बांधून ती घरी आली, तर सासूबाई न्हाणीघरात पडलेल्या. मांडीचं हाड मोडलं. निशिकांत म्हणू लागला, आईला नाशिकला मामाकडे पाठवू. हॉस्पिटलात कमलाबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. "मला भावाच्या दारात टाकू नका गं. तू घरी राहा. पण माझ्यापायी नोकरी सोडलीस हे त्याला सांगशील, तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

बिचारीने नवऱ्याला सांगितलं, नोकरी मिळाली नाही. त्या शहाण्यानेही ते खरं मानलं. आधी कीव, मग टोमणे, मग अबोला... शपथ घालणाऱ्यानेच ती सोडवायची असते. सून तेरा वर्षं वाट पाहत राहिली, आणि सासूबाई विसरल्यासारख्या गप्प.

"सुटली."

दोघांनी वळून पाहिलं. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या कमलाबाईंनी ताट बाजूला सारलं होतं.

"शपथ सुटली गं नीलिमा. मीच घातली होती, मीच सोडवते." मग मुलाकडे वळून त्यांनी सगळं सांगितलं, ती नोकरी, ते हॉस्पिटल, पिशवीत तसाच वाळून गेलेला प्राटा. "ती घरी राहिली म्हणून मी आज चालते आहे रे, आणि तू बिनघोर कामावर जात होतास. तुझी शिदोरी दोघांनी बांधली आहे. माझ्या भित्रेपणाने हिचा संसार मोडला..."

निशिकांत हातातला बूट तसाच धरून उभा होता. "मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या आईचा जीव होता त्यात," नीलिमा म्हणाली, आणि इतकी वर्षं अडवलेले अश्रू आता थांबेनात.

त्याने वाद न घालता निम्मा वाटा लिहून दिला, आणि तिने तो घेतला. संसार मात्र जुळला नाही; वर्षानुवर्षांचे टोमणे एका सकाळी पुसले जात नाहीत. सगळ्याची वाटणी झाली, कमलाबाईंची तेवढी झाली नाही. "मी सुनेकडे," म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

पहिल्याच रविवारी निशिकांत आईला भेटायला नीलिमाच्या नव्या घरी आला आणि पाहुण्यासारखा दारातच घुटमळला. हातात प्राट्याचं गरम पुडकं होतं.

"आत या, निवेल ते," नीलिमा म्हणाली, आणि तिने तीन ताटल्या मांडल्या.