छिद्रातलं तांबं

ऑगस्टचा पाऊस शंकर नगरात आडवातिडवा कोसळत होता. क्षमा काथोटे चहाच्या टपरीखाली अंग चोरून उभी होती, छातीशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा धरून. समोरच सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस होतं... पण ते उघडायला अजून अर्धा तास होता.

"डब्यात काय आहे? अनारसे?" शेजारच्या तरुणानं विचारलं. त्याच्या चष्म्यावर पावसाचे थेंब साचले होते.

"बिघडलेले बोर्ड!" क्षमाला आठवडाभर कोणीतरी ऐकणारं हवंच होतं. "या समोरच्यांनीच दिले. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राचे आहेत हो, खेळण्याचे नाही. थंडे असले की आकडा बरोबर दाखवतात, अन् तासभर तापले की नाचायले लागतात. यांचा तो छिद्रं पाडणारा कोण आहे, मले एकदा भेटू द्या!"

"भेटला तर काय कराल?"

"कान उपटीन."

"कोणता? डावा, की..." त्यानं कप खाली ठेवला. "मी अच्युत. ड्रिलिंग अन् प्लेटिंग, दोन्ही मीच पाहतो."

क्षमाची कानशिलं तापली. पण माघार घेईल तर ती क्षमा कसली! "बरं झालं. मग सांगा, काहून असं झालं?"

"तुमच्या सोल्डरिंगची चूक बी असू शकते न?"

"माह्या बायांच्या?"

"बोर्ड कापून पाहू. ज्याची चूक असन, तो कबूल करन." तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली. क्षमानं नजर मुद्दाम पावसाकडे वळवली.

क्षमाचे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. समता कॉलोनीतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिनं चार बायांना घेऊन बोर्डांवर सुटे भाग वितळलेल्या सोल्डरच्या थेंबांनी जोडायचं काम सुरू केलं होतं. शहर नव्या राज्याची राजधानी झालं तसे दवाखाने वाढले, यंत्रं वाढली, आणि तिला पहिलं मोठं काम मिळालं. एकशेवीस बोर्ड. मुदतीला नऊ दिवस उरले होते, आणि निम्मे बोर्ड तापल्यावर दगा देत होते.

ऑफिसामागच्या कारखान्यात अच्युतनं एक बोर्ड बरोबर छिद्रांच्या मधून कापला, ओल्या पॉलिश पेपरवर घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बोर्डाच्या दोन्ही बाजू जोडायला प्रत्येक छिद्राच्या आतून तांब्याचा थर चढवलेला असतो. हेच प्लेटिंग. तो थर सलग हवा. इथे छिद्राची भिंत उंदरानं कुरतडल्यासारखी होती, तांबं पातळ... आणि मधोमध केसाएवढी भेग. बोर्ड तापला, फुगला, की भेग उघडणार.

अच्युतनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

"नवे ड्रिल नागपूरहून यायचे होते," तो म्हणाला. "आले नाही, म्हणून मी जुनेच दोन दिवस जास्त चालवले. धार गेली होती, भोथरे झाले होते. मले माहीत होतं."

तो हे लपवू शकला असता. क्षमानं दुसऱ्या बोर्डाचा तुकडा भिंगाखाली ठेवला, तिसऱ्याचा ठेवला... आणि थबकली. या छिद्रातलं तांबं चांगलं होतं. वरचा सोल्डरचा थेंबच मळकट, खरबरीत होता. घाईत नीट न तापवता दिलेला.

"हा माझा," ती हळूच म्हणाली. "मीच केला होता हा बोर्ड."

अच्युतनं तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं — पण क्षमाला एकदम ओढणी सारखी करावीशी वाटली.

मालक नीलकंठजींना मात्र कबुल्यांशी देणंघेणं नव्हतं. "मैडम, ठंडे में तो पास हैं ना? भेज दीजिए. नए बोर्ड में दस दिन लगेंगे."

"नाही," क्षमा म्हणाली. "याच्या भरवशावर बाळ झोपणार आहे. काम गेलं तरी चालेल, हे जाणार नाहीत."

"छह दिन में मैं दूँगा," अच्युत म्हणाला. "गलती मेरी है. नहीं हुआ तो सातवें दिन इस्तीफा."

त्याच दुपारी तो नागपूरच्या गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी समता कॉलोनीतल्या दारात उभा राहिला तेव्हा शर्ट चुरगळलेला, डोळे लाल. त्यानं खिशातून सोल्डरिंग आयर्नची नवी, बारीक टोकाची टिप काढली.

"ड्रिल आणायले गेलो होतो... हे तुमच्यासाठी."

"दुसरे पोट्टे फुलं आणतात," क्षमा म्हणाली.

"फुलं साडेतीनशे डिग्रीवर टिकतात का?"

आतून कामावरच्या कुसुमचा आवाज आला, "दीदी, भैया ड्रिल का काम करते हैं, कि दिल का?" आणि चारही बाया फिदीफिदी हसल्या.

तिसऱ्या दिवशी पहिले तीस बोर्ड आले. सोबत एक कापलेला तुकडाही. क्षमानं भिंगाखाली पाहिलं. एका छिद्रात तांबं अजून पातळ होतं. अच्युत रात्रंदिवस राबला होता, हे तिला दिसत होतं. तरी ती म्हणाली, "हे परत न्या."

तो वाद न घालता तीसच्या तीस उचलून निघाला. फाटकाशी वळून म्हणाला, "तुम्ही 'चालते' म्हणाल्या असत्या न, तर मले वाईट वाटलं असतं."

त्यानं प्लेटिंगची वेळ वाढवली, दर पन्नास बोर्डांमागे ड्रिल बदलला. सहाव्या दिवशी सगळे बोर्ड आले. कुसुम आणि बाकीच्या बाया एकेक थेंब निगुतीनं देत होत्या. घाई झाली की क्षमा स्वतःच हात थांबवायची.

नवव्या दिवशी दुपारी बोर्ड गरम कपाटात तपासायला लावले. एक तास. दोन. चार. काचेमागे आकडे एका ओळीत स्थिर होते — छत्तीस पॉइंट पाच. एकही हलला नाही. बायांनी टाळ्या पिटल्या आणि खोकी आणायला पळाल्या.

खोलीत दोघंच उरले.

"संपलं काम," अच्युत चष्मा पुसत म्हणाला. "आता इथं यायले मले काही कारण राहिलं नाही... अन् न येता राहणं जमन, असं वाटत नाही. क्षमा, मी तुमच्यात गुंतून राहिलो."

क्षमानं गरम कपाटाचं बटण बंद केलं. "रविवारी या. बाबा घरीच असतात."

"त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातला चष्मा घेऊन आपल्या ओढणीनं पुसायला लागली. "तेवढं तुम्हाले चांगलं जमते."