चौकशीचे फोन

पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला तेव्हा मी त्याच्यावर चक्क खेकसले होते.

आमचा फर्निचरचा कारखाना, आणि मी तिथली एचआर. म्हणजे माणसं शोधायची, मुलाखती लावायच्या, ऑफर लेटर काढायचं, आणि माणूस रुजू झाला की जेवणाची खोली कुठे आणि हजेरी कुठे इथपासून सगळं दाखवायचं. त्याआधी जुन्या नोकरीच्या ठिकाणी फोन करून चौकशीही करायची. त्या दिवशी गाद्यांच्या खोळी शिवणाऱ्या एका कारागिराची चौकशी होती. पिशव्यांच्या कारखान्यातून येत होता, म्हणून तिथल्या एचआरला फोन लावला.

“कामाला कसा आहे?”

“उत्तम आहे. नेऊ नका.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे या महिन्यात तुम्ही पळवलेला हा तिसरा माणूस, मॅडम. तुम्ही भरती करता की दरोडे घालता?”

“अहो, पगार बरा द्या, मग नाही कोणी जात!” मी फोन आपटला. मेला आगाऊ कुठला! आणि मग दिवसभर मला उगीचच हसू येत राहिलं…

चार दिवसांनी मीच परत फोन केला. कारागिराच्या अनुभवाच्या दाखल्यावर शिक्का पुसट आलाय म्हटलं. शिक्का चांगला ठसठशीत होता! मग त्याला एका तारखेची खात्री करायची होती, मला एका सहीची. कामाची माणसं संपली, तरी आमची चौकशी काही संपेना.

“तुमच्याकडून कोणी सोडून जात असेल तर कळवा हं,” तो एकदा म्हणाला.

“आमच्याकडून कोणी सुटत नाही.”

“तेच बघतोय. मीसुद्धा सुटेनासा झालोय…”

यावर काय बोलायचं असतं? मी “बरं” म्हणून फोन ठेवला आणि पाणी प्यायले. दोन ग्लास.

एके दुपारी तो स्वतःच आला. भुरभुर पाऊस पडत होता, केस ओले, आणि कारागिराचं कार्यमुक्तीचं पत्र शर्टाच्या आत जपून ठेवलेलं.

“पोस्टानं चाललं असतं की,” मी म्हटलं.

“चाललं असतं. पण मग तुम्ही पोस्टमनला दिसला असतात, मला नाही.”

त्याच्या बाहीला निळा दोरा चिकटला होता. सांगितलं, तर दुसरीच बाही झटकू लागला. शेवटी मीच पुढे होऊन काढला. बाहेर पाऊस पडतोय, आणि माझ्या चिमटीत तो दोरा तसाच. टाकायचं सुचलंच नाही.

“फोन ऑफिसात करतेस ना?” त्या रात्री आईनं विचारलं. “मग इथे भाजी चिरताना कोणाशी हसतेस?”

आणि चौथ्या महिन्यात त्यानं ती बातमी सांगितली. त्याचा कारखाना दुसऱ्या गावी चालला होता. महिनाभरात सगळा गाशा गुंडाळायचा, जे येतील त्यांची नोकरी टिकेल.

“मग… तुम्ही जाणार?”

“इथे काही मिळालं तर नाही. तुमच्याकडे जागा आहे ना एक? मी अर्ज करतोय.”

जागा होती, आणि तीही माझ्याच शेजारच्या टेबलाची! मुलाखत झक्क झाली. आमच्या खात्याच्या प्रमुख मॅडम सहसा कोणाला चांगलं म्हणत नाहीत, त्यांनी “हुशार आहे गं” म्हटलं, तर माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्यांनी त्याचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ‘या कंपनीत आपले कोणी नातेवाईक आहेत का?’ या प्रश्नापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं – ‘अजून नाही.’

मी कानापर्यंत लाल झाले.

“नियम ठाऊक आहे ना तुला?” मॅडम चष्म्यावरून बघत होत्या. “नवरा-बायको एका खात्यात चालत नाहीत. घ्यायचं की नाही, तूच ठरव. संध्याकाळपर्यंत सांग.”

घेतलं तर रोज आठ तास शेजारी, पण नुसता सहकारी. नाही घेतलं तर महिन्याभरात दुसऱ्या गावी. कपाळावर हात मारून बसले मी. सात वर्षं सगळ्या गावाला नोकऱ्या लावल्या, आणि माझ्या वेळेला हे! मग एकदम आठवलं. समोरच्या काचेच्या कारखान्यातल्या एचआरच्या ताई तीन महिने असाच माणूस शोधत होत्या. मी त्याचा अर्ज उचलला आणि सरळ रस्ता ओलांडला.

परत आल्यावर आधी मॅडमना ‘नाही’ सांगितलं, आणि मग त्याला फोन लावला.

“तुमची निवड झालेली नाही.”

“…बरं.” आवाज एवढासा झाला बिचाऱ्याचा.

“कारण नाही विचारायचं?”

“का नाही झाली?”

“फॉर्ममध्ये खोटं लिहिलंत.”

“मी? काय खोटं?”

“नातेवाईक आहेत का, त्यापुढे ‘अजून नाही’ लिहिलंत. तिथे ‘हो’ हवं होतं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा मोठा आवाज झाला. पडला की काय, कोण जाणे!

“आणि उद्या दहा वाजता समोरच्या काचेच्या कारखान्यात मुलाखतीला जा. न विचारता अर्ज दिलाय, रागवायचं तर नंतर रागवा. त्या ताईंनी विचारलं, किती दिवसांची ओळख आहे? म्हटलं, चारच महिने झालेत… पण जन्मभराची करायचा विचार आहे.”

“आणि तिथेही नाही झालं तर?”

“तर तिसरीकडे. माणसं कामाला लावणं हाच माझा धंदा आहे, साहेब. तुम्हाला जाऊ देते होय!”

तो हसला. मग जरा थांबून, हळूच म्हणाला, “मग मी रुजू कधी होऊ?”

“अहो, आधी मुलाखत तर होऊ दे तिथली…”

“तिथे नाही गं. तुझ्याकडे.”

गं! तुझ्याकडे! मी टेबलाची कड घट्ट धरली.

“रविवारी ये,” मी म्हटलं. “मुलाखत आई घेणार आहे.”