आग्रह आणि नको

"पाहुण्यांनी 'नको' म्हटलं. तरी तुम्ही जिलेबी वाढली. त्यांनी ती खाल्ली. मग 'नको' म्हणजे काय?"

आमच्या घरात नव्याने आलेला यंत्रमानव गणू मला विचारत होता. माझी नात शाल्मली हसत सुटली. "अरे, याला आग्रह म्हणतात! आजोबा त्यात पटाईत आहेत."

माझी बायको कुमुद हसली नाही. तिला स्मृतिभ्रंश (स्मरण आणि विचार हळूहळू कमी करणारा आजार) सुरू झाल्याचं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं.

"गणूचा प्रश्न बरोबर आहे. बसा सगळे," ती म्हणाली. "शाल्मली, मेंदूत चेतापेशी (निरोप पोहोचवणाऱ्या पेशी) असतात. माझ्या आता एकेक करून बंद पडतील. आधी कालपरवाचं विसरेन. मग मला काही ठरवता येणार नाही. शेवटी घास गिळणंही जमणार नाही. म्हणून ठरवता येतंय तोवर ठरवायचं. गणू लक्षात ठेवील. पाळायचं मात्र तुझ्या आजोबांनी."

"काय पाळायचं?" मी विचारलं.

"चमचा पुढे करा. तोंड उघडलं तर भरवा. फिरवलं तर थांबा. आग्रह नको. जबरदस्तीचा घास श्वासनलिकेत जातो."

"म्हणजे तुला उपाशी ठेवू?" मी चिडलो.

"अहो, तेव्हा मला बोलता येणार नाही. तोंड फिरवणं हेच माझं 'नको' असेल."

"आजोबा, कबूल म्हणा ना," शाल्मली म्हणाली.

मी उठून गेलो. कबूल म्हणायला मला आठवडा लागला.

पुढे काही वर्षांनी ती वेळ आली. मी तिच्या आवडीचा मेतकूट-भात कालवून नेला. कुमुदने तोंड फिरवलं. मी चमचा पुन्हा पुढे केला.

"एकच घास. माझ्यासाठी."

तिने पुन्हा तोंड फिरवलं.

"आजोबा," शाल्मली हळूच म्हणाली, "आजी नको म्हणतेय."

मी वाटी खाली ठेवली. गणूने ओल्या कापसाने तिचे ओठ टिपले. मी तिचा हात धरून बसलो. तिनेही माझं बोट धरलं.

कुमुद गेली. शाल्मली आता यंत्रमानव घडवायला शिकते आहे. माणसाला आधीच नीट विचारून ठेवतील आणि पुढे त्याचं न बोललेलंही ओळखतील, असे तिला घडवायचे आहेत.

काल जेवताना तिने विचारलं, "आजोबा, तुमचं काय काय ठरवायचं?"

गणू ऐकायला जवळ आला.

"सांगतो," मी म्हणालो. "पण आधी भात वाढ. आणि मला अजून आग्रह चालतो, हे पहिलं लक्षात ठेव."