खोली सातची शांतता

जेवणाचा डबा धुऊन आल्यावर आवाजवाल्याने हार्ड डिस्कची पेटी उघडली. पाच वाजेपर्यंत सगळं पुसायचं होतं. 'दोनाचे चार' हा कार्यक्रम चॅनेलला आता आठवणीतही नको होता. बारा लग्नाळू मुलंमुली एका रिसॉर्टवर ठेवायची, कॅमेऱ्यासमोर जोड्या जमवायच्या. जोड्या राहू द्या, प्रेक्षकच जमले नाहीत. नवव्या दिवशी गाशा गुंडाळला.

त्या बाराजणांत त्याची धाकटी बहीण होती. भरीला घातलं होतं त्यानेच. काम करणाऱ्यांच्या नात्यातलं कुणी घ्यायचं नाही असा नियम होता, म्हणून दोघांनी अनोळखी असल्याचं सोंग घेतलं. पण गप्प बसेल तर ती कसली! कॉलरच्या माइकमध्ये हळूच पुटपुटायची, "दादा, ऐकतोस ना? तो उंच मुलगा घोरतो रे!" हा लांब झाडाखाली हेडफोन लावून बसलेला. उत्तर म्हणून टोपी उलटी फिरवायचा. ती खुदकन हसायची आणि दिग्दर्शकाला वाटायचं, पोरगी प्रेमात पडली.

नवव्या दिवशी दुपारी "बंद करा" असा निरोप आला. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं, हेडफोन काढून ठेवला आणि जेवायला गेला. तिच्या कॉलरचा माइक काढून घ्यायचं राहून गेलं. अर्ध्या तासाने ती रिसॉर्टमागच्या तलावात सापडली. पाय घसरला आणि क्षणात संपलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आईने एकच विचारलं होतं, "तुला हाक नाही मारली तिने?" वर्ष झालं, त्याला उत्तर देता आलं नव्हतं. टोपी तेव्हापासून बॅगेच्या तळाशी पडून होती.

पुसता पुसता शेवटी एक फाइल उरली. 'खोली सात, शांतता.' शूटिंगआधी प्रत्येक खोलीची तीस सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवतात, पुढे संवादांमधल्या फटी बुजवायला. ही पहिल्या दिवशीची होती. मुलंमुली यायची होती, खोलीत तो एकटाच श्वास रोखून उभा होता. नंतर ती खोली बहिणीला मिळाली. पुसण्याआधी एकदा ऐकावी, म्हणून त्याने हेडफोन चढवून ती लावली.

पंख्याची घरघर. पडद्याची सळसळ. बाविसाव्या सेकंदाला कुणीतरी श्वास घेतला.

"दादा, ऐकतोस ना?"

त्याने फाइल थांबवली. तारीख पाहिली. पहिला दिवस, सकाळचे सात. दुसरा कुठला तरी ट्रॅक मिसळला असेल, या धंद्यात होतं असं, अशी मनाची समजूत घालून त्याने पुन्हा लावली.

"दादा, ऐकतोस ना? शेवाळ आहे रे काठाला, वर चढता येत नाहीये. जनरेटर चालू आहे, माझं ओरडणं कुणाला ऐकूच जात नाही. तू ये ना." मग थोडा वेळ नुसतं पाणी. "टोपी दिसत नाहीये तुझी."

त्याला हुंदका आवरेना. म्हणजे मारली होती हाक. आणि तो चार घास खायला गेला होता.

त्याने बॅग उपसून टोपी काढली. घातली. उलटी फिरवली. तिसऱ्यांदा फाइल लावली.

पंखा. पडदा. पाणी.

"हां, दिसलास."

तो हलला नाही.

"आईला सांगू नकोस हं, मी हाक मारली होती म्हणून. तिला सोसायचं नाही. आता हेडफोन तेवढा काढू नकोस."

दार उघडलं. संकलन करणाऱ्या बाई घड्याळाकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या. त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसले. त्याने हातानेच त्यांना थांबायची खूण केली.

संगणकाच्या पडद्यावर फाइलच्या नावापुढे तिची लांबी दिसत होती. मघाशी तीस सेकंद होती. आता तीस मिनिटं.

त्याने खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट धरला.