पाचवं कुलूप

ही गोष्ट खरी आहे. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं. मधेच कोणी खिदळलं तर मी तिथंच थांबेन, सांगून ठेवतो.

आणि रात्रबित्र काही नव्हती. वीज गेली नव्हती की कुत्रं रडत नव्हतं.

रविवार होता. भर दुपार. इंजिनिअरिंग कॉलेजचं वर्कशॉप, वर तापलेले पत्रे, खिडक्यांतून लख्ख ऊन. अशा उन्हात काही होत नाही असं आपण म्हणतो ना? तिथंच झालं.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या समोर. तिला घरीदारी सगळे फौजदार म्हणतात. लहानपणी लपाछपीतसुद्धा कोणी लबाडी केली तर ही डाव मोडून घरी जायची. अजून तशीच आहे.

तिच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी परीक्षेपेक्षा प्रोजेक्टला महत्त्व. चौघांनी मिळून एक मशीन बनवायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर चालवून दाखवायचं. मार्क चौघांना सारखेच. एक बुडाला की चौघे बुडाले.

हिच्या टीममध्ये लांब्या, चष्मिष, बडबड्या आणि ही. रिकाम्या बाटल्या दाबून त्यांचे ठोकळे करणारं प्रेस त्यांनी बनवलं होतं. सोमवारी त्याचीच परीक्षा. पास झाली की हिची नोकरी पक्की, तसं कंपनीनं कळवलं होतं. घराण्यातली पहिली इंजिनिअर. मावशी अर्ध्या गल्लीला सांगून बसली होती.

आता एक गोष्ट नीट ऐका, सगळं तिच्यावरच आहे.

त्या वर्कशॉपात एक रीत होती. मशीनच्या आत हात घालायचा असेल तर आधी मेन स्विच खाली पाडायचा. स्विचला एक लोखंडी कडी असते, तिच्यात प्रत्येकानं आपापलं कुलूप अडकवायचं. चौघं काम करतायत तर चार कुलपं. किल्ली ज्याची त्याच्या गळ्यात. कडीत एक जरी कुलूप असलं तरी स्विच वर जात नाही. म्हणजे, ज्याचं कुलूप आहे तो अजून आत आहे असं धरायचं.

आणि दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. मरून गेलात तरी नाही.

पहिल्याच तासाला वर्कशॉपचे सर हे सांगायचे, आणि वर एक गोष्टही सांगायचे. पूर्वी एक मुलगा कुलूप न लावता प्रेसमध्ये उतरला. आळस केला. मित्रांना वाटलं आत कोणी नाही. त्यांनी स्विच वर केला...

पुढचं सर सांगत नसत. सांगायची गरजही नव्हती.

पोरांनी त्या मुलाचं नाव पाडलं होतं, बिनकुलप्या. कोणी किल्ली विसरला की आरोळी यायची, "ए बिनकुलप्या!" फौजदारसुद्धा म्हणायची. सगळेच म्हणायचे. मेलेल्या माणसाची थट्टा करायला कुणाचं काय जातं?

प्रेसचा सांगाडा यांनी नवा केला नव्हता. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली एक जुना पडला होता. वर्कशॉपचे जुने शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणत, ते म्हणाले होते, "तो नको घेऊ पोरी. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

हिला नको म्हटलं की हवंच असतं. घेतला.

तर रविवारची दुपार. शेवटची चाचणी. आतली सफाई झाली. चौघं बाहेर आले. लांब्यानं आपलं कुलूप काढलं. चष्मिषनं काढलं. बडबड्यानं काढलं. फौजदारनं काढलं.

लांब्यानं स्विच वर ढकलला.

हलला नाही.

"अरे, कडीत अजून एक आहे."

चौघांनी पाहिलं. कडीत एक कुलूप लटकत होतं. जुनं, पितळी, कडेला थोडं झिजलेलं. त्याला निळा दोरा बांधलेला.

"कुणाची मस्करी आहे ही?" फौजदार बडबड्याकडे बघत म्हणाली.

"आईशप्पथ माझी नाही." आणि त्यानंतर बडबड्या गप्प बसला. तो गप्प बसला हेच मुळात भयंकर होतं.

चष्मिषनं वाकून कुलपाला बोट लावलं... आणि झटकन मागे घेतलं.

"गरम आहे."

"ऊन आहे, गरम असणारच," लांब्या म्हणाला.

"तसं नाही रे. कुणीतरी आत्ता मुठीतून सोडल्यासारखं."

लांब्यानं भिंतीवरचा मोठा कटर उचलला. "उद्या परीक्षा आहे, ही नाटकं नकोत. विसरलं असेल कोणीतरी. एका दाबात तुटेल."

तेवढ्यात...

टक्.

प्रेसच्या आतून.

टक्. टक्.

घाईनं नाही. आतून दारावर कोणी बोटानं वाजवावं तसं.

फौजदारनं बॅटरी घेतली आणि आत डोकावून पाहिलं. खालचा पत्रा, वरची दाबपट्टी, एक चेपलेली बाटली. बाकी काही नाही. कोणी नाही.

पण आवाज येत होता.

लांब्याच्या तोंडचं पाणी पळालं. कटर त्यानं कधी खाली ठेवला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"मामांना बोलवा," फौजदार म्हणाली. तीही घाबरली होती, ते तिनं मला नंतर कबूल केलं. पण आवाज हलू दिला नाही.

मामा आले. चहाचा कप हातात, चेहऱ्यावर रविवारचा वैताग. "काय फौजदार, आता काय मोडलंत?"

तिनं कडीकडे बोट केलं.

मामांनी कुलूप पाहिलं. निळा दोरा पाहिला. कप तिथंच फरशीवर फुटला.

"हे... हे तर मी कापलं होतं."

मग खाली बसून, डोकं हातात धरून, म्हातारा बोलला. त्या दिवशीही असंच झालं होतं. टीम पाच जणांची. परीक्षक येऊन बसलेले. चार जण हजर, पाचवा सापडेना, आणि त्याचं कुलूप कडीत. मित्र म्हणाले, थांबू या. हेच सर म्हणाले, "विसरून गेला असेल घरी. कापा."

मामांनी कापलं.

तो आतच होता, याच सांगाड्यात. अडकलेला नट काढत होता, मशीनच्या मागच्या बाजूनं. कोणी वाकून पाहिलं नाही.

"मग कुलूप लावलं नव्हतं असं का सांगतात?"

"तुकडे सरांनी उचलले. मी बोललो असतो तर नोकरी गेली असती. घरी दोन पोरी होत्या लग्नाच्या." मामा रडायला लागले. "तेव्हापासून दर वर्षी त्याची बदनामी ऐकतोय. तुम्ही बिनकुलप्या म्हणता ना... माझ्या छातीत कळ येते."



आतलं टक् टक् थांबलं होतं. ऐकत असावं.

फौजदारला भीती वाटली होती, खरं आहे. पण आता तिला राग आला होता, आणि हिला राग आला की भीतीला घरात जागा उरत नाही. "मामा, उद्या हे परीक्षकांसमोर सांगा."

"नाही जमायचं पोरी. पेन्शन तोंडावर आलीय."

"बरं," ती म्हणाली. "मग मी बघते."

सोमवारी सकाळी परीक्षक आले, दोघे. सर नव्या शर्टात. चौघांनी माहिती सांगितली, आकृत्या दाखवल्या. परीक्षक खूश.

"चला, चालवा आता."

चौघांनी आपापली कुलपं काढली.

पाचवं कडीत होतं.

सरांनी पाहिलं. क्षणभर त्यांचा रंग उडाला, तो चौघांनी पाहिला. मग हसून परीक्षकांना म्हणाले, "पोरं आहेत हो. विसरून गेला असेल कोणीतरी घरी." आणि मागे वळून, "मामा, कापा."

तेच शब्द. तस्सेच.

मामांच्या हातात कटर होता.

फौजदार स्विचच्या आणि कटरच्या मधे उभी राहिली.

"नाही कापायचं."

"बाजूला हो."

"सर, पहिल्या तासाला तुम्हीच शिकवलंत. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे."

"आत कोणी नाही. दिसतंय मला."

"मग वाकून बघा ना." ती बाजूला सरकली नाही. "कर नाही त्याला डर कशाला? घाला डोकं आत."

सर जागचे हलले नाहीत.

"तुला नापास व्हायचंय का?" आवाज आता चढला होता. "चौघांचं वर्ष जाईल. नोकरी जाईल तुझी. एका जुनाट कुलपासाठी?"

फौजदारनं मागे वळून बाकीच्या तिघांकडे पाहिलं. हे फक्त तिचं एकटीचं नव्हतं ना. लांब्याला बाप नव्हता. चष्मिषच्या घरी आधीच कटकट होती. तिला वाटलं, आता हे म्हणतील, सोड गं बाई.

लांब्या पुढे आला. गळ्यातली किल्ली काढली. आपलं कुलूप उचललं आणि परत कडीत अडकवलं. खट्ट.

मग चष्मिषनं. खट्ट.

बडबड्यानं. एक शब्द न बोलता. खट्ट.

शेवटी तिनं.

"करा नापास," ती म्हणाली.

आणि तेव्हा आतून...

टक्.

परीक्षकांनीही ऐकलं. एक जण खुर्चीतून उठलाच. "आत कोण आहे?"

टक्. टक्. टक्.

मामांच्या हातून कटर सुटला. "लावलं होतं," ते म्हणाले. मग ओरडलेच, "त्यानं कुलूप लावलं होतं! मी कापलं. या सरांनी सांगितलं म्हणून कापलं. पोराची काही चूक नव्हती हो!"

टक् टक् थांबलं.

आणि मग, कोणी हात न लावता, पितळी कुलूप उघडलं. आपोआप. कडीतून निसटलं, फरशीवर पडलं, घरंगळत फौजदारच्या पायाशी येऊन थांबलं.

सर बाहेर निघून गेले.

दुसरे परीक्षक घसा खाकरत म्हणाले, "आता... चालवून दाखवता का?"

"आज नाही," फौजदार म्हणाली. "आज हे मशीन कोणीही चालवणार नाही."

चौघं नापास झाले. मशीन चालवून दाखवलं नाही, असं कारण. वर्ष गेलं. नोकरी गेली. मावशी खूप रडली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, "बरं केलंस." मामांनी जे सांगितलं ते कॉलेजला लिहून दिलं. सरांचा तो पहिल्या तासाचा किस्सा त्यानंतर कोणी ऐकला नाही.

फौजदार मामांना आणि ते कुलूप घेऊन त्या मुलाच्या घरी गेली होती. त्याच्या आईनं चहापाणी काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "लावलं होतं ना त्यानं?"

"हो, काकू."

"मी म्हणतच होते," ती म्हणाली. "माझा पोरगा दार नीट लावल्याशिवाय झोपायचासुद्धा नाही. ते कुलूप तुझ्याकडेच ठेव गं. कुणाला तरी लागेल."

पुढच्या वर्षी चौघं पास झाले. फौजदार आता एका कारखान्यात इंजिनिअर आहे, हाताखाली पुष्कळ माणसं आहेत. ते कुलूप तिच्या टेबलावर असतं, उघडं. किल्ली कधी मिळालीच नाही. एकदा मी गंमत म्हणून ते दाबून बंद करायला गेलो, तर तिनं माझ्या हातावर फटकाच मारला. मी चांगला जोर लावला होता, पण ते बंद होत नव्हतं. लांब्यानंही करून पाहिलं होतं म्हणे. होतच नाही.

इतकी वर्षं ते उघडंच होतं.

आज सकाळी तिचा फोन आला. मागे कारखान्याचा आवाज नव्हता. अगदी चिडीचूप.

"दादा, कुलूप बंद झालंय."

"कुणी केलं?"

"कुणी नाही. आले तेव्हा बंद होतं... आणि गरम आहे."

"मग आता?"

"सगळी मशीनं थांबवलीत. एकेक माणूस मोजला. सगळे बाहेर आहेत."

"मग कर की चालू."

"कुलूप उघडलं नाहीये अजून," ती म्हणाली. मागे कोणीतरी तिच्यावर जोरात ओरडत होतं, बहुतेक मॅनेजर. "परत मोजतेय. दिवसभर मोजेन."

"अगं, तो ओरडतोय बघ."

"ओरडू दे."